टँडम इन्स्ट्रक्टरला टिप : ‘वैमानिकाला देता का?’ या पोस्टला उत्तर

ड्रोगवाला (धागाकर्ता)

काल एक पोस्ट बरीच फिरली. म्हणणं असं : टँडमचं (प्रवाशाला इन्स्ट्रक्टरच्या पुढे बांधून विमानातून मारायची पॅराशूट उडी) तिकीट मुळातच महाग, इन्स्ट्रक्टरला त्याचा पगार मिळतोच, विमानातून उतरताना वैमानिकाच्या हातावर कुणी पैसे ठेवत नाही, मग यांनाच टिप कशाला? तिथे चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

‘पगार’ इथेच गफलत आहे. बहुतेक ड्रॉपझोनवर (उड्यांच्या तळावर) इन्स्ट्रक्टरला उडीमागे पैसे मिळतात. ढग खाली उतरले, वारा सुटला, विमान बसून राहिलं, की दिवस कोरडा. तिकिटातला मोठा हिस्सा विमान, इंधन आणि रिगमध्ये (हार्नेस आणि पॅराशूटचा संच) जातो. मध्यस्थ साइटवरून बुकिंग केलं असेल तर त्यांचं कमिशन आधीच कापलेलं असतं.

आणि लोकांना दिसतो तो फक्त पॅराशूट उघडण्याआधीचा मिनिटभराचा फ्रीफॉल. त्याआधी हार्नेस अंगावर बसवणं, मांडीचे आणि छातीचे पट्टे तपासणं, पडताना शरीराची कमान कशी करायची ते शिकवणं. वर जाताना खांद्यांचे दोन आणि कमरेचे दोन हुक लावून पुन्हा पुन्हा चाचपणं. उडी मारल्यावर काही सेकंदांत, शरीर स्थिर झालं की ड्रोग, म्हणजे वेग आवरणारं छोटं पॅराशूट, सोडायचा. दोघांचं वजन आणि वाऱ्याला अडणारा आकार जेमतेम एका माणसाचा, त्यामुळे ड्रोगशिवाय वेग ताशी २९० किमीकडे जातो. ड्रोग फुगला की तो १९०-१९५ वर येतो. प्रवाशाने घाबरून गुडघे पोटाशी घेतले तर जोडी गडगडते, आणि गडगडताना सोडलेला ड्रोग कुणाच्याही हातापायाला गुंडाळू शकतो. हे सगळं एक माणूस पाठीमागून निस्तरत असतो.

माझं मत : टिप द्यावी, उडीनंतर द्यावी, थेट त्याच माणसाला द्यावी. टक्केवारी लावू नये. जास्त उंचीचं तिकीट महाग असतं ते इंधनामुळे, इन्स्ट्रक्टरच्या कष्टांमुळे नव्हे.

सरळहिशोब

धागा तळमळीने लिहिलाय, पण निष्कर्ष पटत नाही. उडीमागे मिळणारे पैसे कमी पडतात, हा ड्रॉपझोनच्या मालकाचा आणि इन्स्ट्रक्टरचा प्रश्न. तो ग्राहकाच्या खिशातून आणि तेही ऐच्छिक पैशांतून का सोडवायचा? तिकिटाचा दर वाढवा, पाटीवर लिहा, आम्ही भरू.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याचं उत्पन्न ग्राहकाच्या खुशीवर ठेवणं धोक्याचं आहे. खुशी कशाने होते? पॅराशूटची छत्री उघडल्यावर गरागरा गिरक्या घेतल्याने. त्यात निम्म्यांना मळमळतं. आणि गिरकीची हौस जमिनीजवळ येईपर्यंत चालली तर पाय मोडतात. वारा वाढतोय हे दिसत असताना ‘एक लोड (विमानाची फेरी) अजून काढू’ म्हणायचा मोह टिपेमुळे वाढणारच.

आणि मुळात हा माणूस शिक्षक आहे. बक्षिसी शिक्षकाला देतात का?

ड्रोगवाला

मोह उडीमागे मिळणाऱ्या पैशांमुळे आहे, टिपेमुळे नाही. टिप उद्या बंद केलीत तरी वाऱ्यात उडायचा दबाव तसाच राहील, किंबहुना वाढेल. गिरक्यांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल. प्रवाशाने आधीच सांगावं : सावकाश उतरू या.

उलट टिप कुणाला द्यावी ते सांगतो. उंचीवर पोहोचल्यावर खाली ढग दाटले म्हणून जो इन्स्ट्रक्टर तुम्हाला घेऊन विमानातूनच परत उतरतो, त्याला द्या. जमिनीवरचं आणि विमानातलं काम त्याने पूर्ण केलेलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्या फेरीचा त्याला छदामही मिळत नाही.

एएफएफ_लेव्हल७

‘शिक्षक’ या शब्दावर थोडं. ते नुसतं सौजन्य नाही. अमेरिकेत टँडम १९८४ पासून खास सवलतीखाली, प्रयोग म्हणून चालू होतं. २००१ मध्ये ते नियमात आलं. अट अशी : पॅराशूटिंगचा किमान ३ वर्षांचा अनुभव, चौकोनी छत्रीवर ५०० फ्रीफॉल उड्या, मास्टर परवाना, शिवाय टँडमचं वेगळं प्रशिक्षण. तेव्हा त्याला ‘ड्रायव्हर’ समजून चिल्लर देणारे आणि ‘गुरू’ म्हणून हात जोडून निघून जाणारे, दोघेही चुकतात.

ज्यांना पुढे परवाना काढायचा आहे त्यांचं गणित वेगळं. एएफएफमध्ये, म्हणजे स्वतःच्या पॅराशूटने उडायला शिकवणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या कोर्समध्ये, तोच इन्स्ट्रक्टर लेव्हलमागून लेव्हल भेटतो. तिथे दर उडीला टिप देत बसू नका, तशी अपेक्षाही नसते. ब्रीफिंगला वेळेवर या, उडीनंतर व्हिडिओ बघताना थांबा, लॉगबुक भरून सहीला द्या. परवाना मिळाला की सगळ्यांना मिळून काहीतरी आणा.

पॅकिंगमॅट

इन्स्ट्रक्टर, वैमानिक, शिक्षक, सगळ्यांची आठवण झाली. ज्याने ती छत्री बांधली त्याचं नाव एकाच्याही प्रतिसादात नाही.

टँडमची मेन कॅनोपी, म्हणजे मुख्य छत्री, साधारण ३३० ते ४०० चौरस फुटांची. ती गुडघ्यांवर बसून, अंगाच्या वजनाने हवा काढत, दिवसभर एकामागून एक बांधायची. ड्रोगची किल-लाइन (त्याला मिटवणारी दोरी) परत ओढून ठेवायची. ती राहिली तर ड्रोग नीट फुगत नाही. ब्रेकच्या दोऱ्या दोन्ही बाजूंना सारख्या लावायच्या. एक सुटला तर छत्री उघडतानाच एका अंगाला फिरते आणि दोऱ्यांना पीळ पडतो. स्लायडर, म्हणजे छत्री सावकाश उघडावी म्हणून दोऱ्यांवरून सरकणारं कापड, थेट वरच्या स्टॉपपर्यंत न्यायचा. खाली राहिला तर छत्री धाडकन उघडते आणि त्या झटक्याने मान, पाठ, काहीही जाऊ शकतं. दोऱ्यांचे वेढे रबरात घट्ट हवेत. सैल राहिले तर दोऱ्या एकदम भसकन सुटतात आणि त्या ताणल्या जाण्याआधीच कॅनोपी बॅगेतून बाहेर पडते. रिग दोऱ्यांमधून आरपार गेलेली नाही ना, हे सुरुवातीलाच बघायचं, कारण शेवटी कळलं तर सगळं उलगडून पहिल्यापासून.

याला टिप शून्य. कारण ग्राहक त्याचं तोंडही बघत नाही.

सरळहिशोब

म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. पॅकरला द्यायची तर रिगरला (पॅराशूट बांधायचा परवाना असलेल्याला) का नाही? वैमानिकाला का नाही? ही साखळी संपतच नाही. शिवाय मेन चुकली तरी रिझर्व्ह, म्हणजे राखीव छत्री, असतेच, आणि ती रिगरने बांधून सील केलेली असते. पॅकरचं काम इतकं जीवनमरणाचं असल्याचं चित्र उभं करू नका.

पॅकिंगमॅट

‘रिझर्व्ह असतेच’ हे वाक्य जमिनीवर उभं राहून लिहायला सोपं आहे. धाडकन उघडण्याचा मार बसून जातो, त्यावर रिझर्व्ह काय करणार? पीळ पडून छत्री गरगरायला लागली की उंची भराभर जाते. तेवढ्यात ओळखायचं, सोडवता येतं का बघायचं, नाहीतर मेन तोडून रिझर्व्ह काढायची, आणि पुढे एक अनोळखी माणूस बांधलेला. टँडमचं एएडी (रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) साधारण १,९०० फुटांवर चालतं, तेही वेग ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तरच. अर्धवट उघडलेली छत्री वेग त्याखाली ठेवू शकते. मग ते गप्प बसतं. रिझर्व्ह हा शेवटचा उपाय आहे, पॅकरच्या चुकीची भरपाई नव्हे.

आणि रिगरचं म्हणाल तर अमेरिकेच्या नियमात टँडमची मेन तीनच प्रकारे बांधता येते : रिगरने, ती उडी घेणाऱ्या इन्स्ट्रक्टरने, किंवा रिगरच्या थेट देखरेखीखाली दुसऱ्या कुणी. हा ‘दुसरा कुणी’ म्हणजेच पॅकर. नियमात त्याला जागा आहे, टिपेत नाही.

ड्रोगवाला

शांत व्हा. पॅकरला पॅकमागे पैसे मिळतात, आणि बरेच इन्स्ट्रक्टर आपल्या टिपेतला वाटा त्याला देतात.

पॅकिंगमॅट

‘बरेच’ म्हणून सोडून देऊ नका. वाटून घ्यायची पद्धत लेखी कुठे असते? इन्स्ट्रक्टरच्या हातात गेलेले पैसे इन्स्ट्रक्टरच्या मर्जीचे. तुम्ही इन्स्ट्रक्टरसाठी जे म्हणता, ‘थेट त्याच माणसाला द्या’, तेच पॅकरसाठी म्हणा ना.

ड्रोगवाला

ठीक आहे. धाग्यात पॅकरचा उल्लेख हवा होता. चूक माझी.

मॅनिफेस्टची_खिडकी

टिपेचा गोंधळ आमच्या मॅनिफेस्टच्या, म्हणजे उड्यांच्या नोंदणीच्या, खिडकीवर होतो, म्हणून व्यवहाराचं सांगते.

उडीला जाताना खिसे रिकामे ठेवायला सांगतात, त्यामुळे पाकीट लॉकरमध्ये. उतरल्यावर हार्नेस निघतं, तुम्ही लॉकरकडे जाता, आणि परत येईपर्यंत तुमचा इन्स्ट्रक्टर पुढच्या प्रवाशाला हार्नेस घालत असतो किंवा विमानात बसलेला असतो. तेव्हा पैसे आधीच लिफाफ्यात घालून खाली थांबलेल्या माणसाकडे द्या. कुणीच सोबत नसेल तर खिडकीवर ठेवा, पण लिफाफ्यावर नाव हवंच. कार्डावर टिप देत असाल तर ती एका माणसाला जाते की सगळ्यांत वाटली जाते, हे विचारूनच द्या.

ग्रुपने आलात तर एकाने गोळा करून एका इन्स्ट्रक्टरला देऊ नका. सहा जण सहा इन्स्ट्रक्टरांसोबत उडतात. कॅमेरामन वेगळा उडाला असेल तर त्याचा लिफाफा वेगळा. हँडकॅम (इन्स्ट्रक्टरच्या हातावरचा कॅमेरा) असेल तर चित्रीकरण त्यानेच केलेलं असतं.

आणि उडीच्या आधी कुणी पैसे पुढे केले तर इन्स्ट्रक्टर अवघडतो. जास्त दिल्याने हुक जास्त घट्ट लागत नाहीत.

एएफएफ_लेव्हल७

ज्यांना टिप परवडत नाही त्यांनी एक करा : उतरताना सांगतील तेव्हा पाय वर घ्या, हात गुडघ्यांखाली घालून. प्रवाशाच्या टाचा जमिनीत रुतल्या की इन्स्ट्रक्टर त्याच्यावरून पुढे पडतो आणि त्याचे घोटे, गुडघे जातात. दुखापत झाली की उड्या बंद, म्हणजे कमाई बंद. वजनही बुकिंगच्या वेळी खरं सांगा.

सरळहिशोब

पाय वर घेणं आणि वजन खरं सांगणं, यावर वाद नाही. नाव घातलेला लिफाफाही समजू शकतो. पण तत्त्व सोडत नाही : मोबदला तिकिटात असावा, आणि विमान ढगामुळे परत आलं तर त्या फेरीचे पैसे इन्स्ट्रक्टरला ड्रॉपझोननेच द्यावेत. तो बदल होईपर्यंत मी टिप देईन, तीही नाराजीने.

एक विचारतो. पॅकरचा लिफाफा करायचा तर नाव कुणाचं घालायचं? तो दिसतच नाही म्हणता.

पॅकिंगमॅट

टँडम रिगवर नंबर असतो. पॅकमागे पैसे द्यायचे म्हणून कोणती रिग कुणी बांधली याची नोंद पॅकिंगच्या जागी ठेवलेली असते. उतरल्यावर इन्स्ट्रक्टरला रिगचा नंबर विचारा आणि लिफाफ्यावर नावाऐवजी तोच लिहा. उशीर करू नका, कारण संध्याकाळपर्यंत तीच रिग दुसऱ्याने बांधलेली असते.