‘छायाचित्र : आंतरजालावरून साभार’ म्हणजे नेमके कोणाचे आभार?

कडेकपारी (धागाकर्ता)

दिवाळी अंकांच्या धाग्यावर काल ‘मुद्रणदोष’ यांनी लिहिले की, आंतरजालावर टाकलेले चित्र म्हणजे रस्त्याकडेला भरून ठेवलेला रांजण आहे. तहानलेला पिणारच, आणि खाली ‘साभार’ छापले की संपादकाचे कर्तव्य संपले. उत्तर तिथेच देणार होतो, परंतु ते लांबत गेल्यामुळे वेगळा धागा काढत आहे.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र (दरीतल्या ढगावर उमटणारे गोल इंद्रधनुष्य) टिपण्यासाठी मी सलग तीन पावसाळे हात हलवत परत आलो. सकाळी दरीत ढग आणि पाठीशी ऊन, हे दोन्ही एकाच वेळी मिळावे लागते. चौथ्या वर्षी ते मिळाले. ते छायाचित्र मी विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या भांडारात) ‘क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समानवितरण ४.०’ या, कर्त्याचे नाव देऊन कोणीही चित्र वापरावे अशा परवान्याखाली दिले. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात ते पूर्ण पानभर छापलेले दिसले. माझे नाव असलेला कोपरा कापलेला होता आणि खाली ‘आंतरजालावरून साभार’ अशी ओळ होती. दूरध्वनी केला तेव्हा संपादकांनी मलाच विचारले, “एवढे होते, तर टाकलेत कशाला?”

आंतरजाल पहाटे उठून गड चढत नाही. आभार मानायचेच असतील, तर ते माणसाचे मानावेत. छायाचित्र काढले त्या क्षणी प्रताधिकार (कॉपीराइट) निर्माण होतो आणि त्यासाठी नोंदणी लागत नाही, एवढे तरी छापखान्याशी संबंध असलेल्यांनी जाणून घ्यावे.

मुद्रणदोष

माझे नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभारी आहे. हे आभार आंतरजालाचे नाहीत, तुमचेच आहेत.

बावीस वर्षे मी एक छोटा दिवाळी अंक चालवला. जाहिराती कमी झाल्या, कागद महागला, लेखकांना मानधन द्यायचे म्हणून दोनदा बायकोच्या खात्यातून पैसे काढले. अशा अंकाने एका चित्रासाठी आंतरजालभर मालक शोधत हिंडावे, ही अपेक्षा हौशी मंडळींचीच असू शकते. माझी संपादकीये दुसऱ्यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून मी कोणाला दूरध्वनी केला नाही.

शिवाय एक प्रश्न आहे. आपण दिलेल्या परवान्यात व्यावसायिक वापरालाही मुभा आहे. मग त्या दूरध्वनीत आपण मानधन मागितले होते की नाही, हे धाग्यात का लिहिले नाही?

कडेकपारी

मागितले होते. नाकारत नाही. संताप आला होता.

तळटीप

दोघेही अर्धे चुकत आहेत. या परवान्याखाली दिलेल्या चित्राचा वापर कोणीही, अगदी विक्रीच्या अंकातही, विनामूल्य करू शकतो आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. त्यामुळे मानधनाची मागणी गैर होती. परंतु ही मुभा सशर्त आहे. कर्त्याचे नाव, परवान्याचा उल्लेख आणि चित्रात बदल केला असल्यास तसे सांगणे, या अटी पाळल्या नाहीत तर परवाना आपोआप संपतो आणि उरतो तो साधा प्रताधिकारभंग. आवृत्ती ४.० मध्ये चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली, तर परवाना पुन्हा लागू होतो.

आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५७ कर्त्याला श्रेयाचा वेगळा हक्क देते, जो प्रताधिकार विकून टाकल्यावरही त्याच्याकडेच राहतो. नाव असलेला कोपरा जाणूनबुजून कापला असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५ ख हे कलमही वाचावे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. रांजणाची उपमा सुंदर आहे, पण ती कायद्यात कुठे आढळत नाही.

पाटीपेन्सिल

आपण सगळे चोरांबद्दल बोलत आहात, म्हणून सज्जनांच्या जाचाबद्दलही लिहिते. माझे आजोबा संगीत नाटकांत ऑर्गन वाजवत असत. त्यांच्यावर मी मराठी विकिपीडियावर लेख लिहिला आणि आमच्या दिवाणखान्यात पन्नासहून अधिक वर्षे टांगलेले त्यांचे छायाचित्र चढवले. आठ दिवसांत ते काढून टाकण्यात आले. कारण काय, तर मी ‘स्वतःचे काम’ हा पर्याय निवडला होता! आजोबा माझे, तसबीर माझी, भिंत माझी, आणि छायाचित्र तेवढे परक्याचे? हे प्रताधिकाराचे पहारेकरी आमचा इतिहासच पुसत आहेत.

तळटीप

तसबीर आपली असणे आणि तिच्यावरचा प्रताधिकार आपला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्वतःचे काम’ म्हणजे कॅमेऱ्याची कळ आपण दाबली असा दावा, आणि तो खोटाच होता. त्यामुळे चित्र काढणाऱ्याला दोष देता येणार नाही. छायाचित्र कोणत्या साली काढले आणि पहिल्यांदा कुठे छापले गेले?

भिंग

आता माझा विषय निघाला आहे. तालुक्याच्या गावी वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. प्रत्येक निगेटिव्हला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची वहीत नोंद, आणि लोक वीस वर्षांनी प्रत मागायला आले तरी ती मिळत असे. प्रकाशयोजना त्यांची, काच त्यांची, रात्रभर डार्करूममध्ये उभे राहणे त्यांचे. निगेटिव्ह ज्याची, छायाचित्र त्याचे. आजोबा फक्त खुर्चीवर बसले होते.

तळटीप

कायदा नेमके याच्या उलट सांगतो. कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास प्रताधिकाराचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो. निगेटिव्हची काच आपल्या वडिलांच्या मालकीची असू शकेल, परंतु तिच्यावरच्या प्रतिमेचा प्रताधिकार गिऱ्हाइकाचा.

भिंग

म्हणजे ज्याने चार रुपये दिले तो मालक आणि ज्याने कला ओतली तो मजूर. हा कायदा करणाऱ्यांनी डार्करूममधल्या हायपो या रसायनाचा वास कधी घेतला नसावा. आपल्यासारख्या कलमबहाद्दरांना हे कळणार नाही.

ओवी

भिंग यांच्या व्यवसायबंधूंपैकी एकाने माझ्या थोरल्या बहिणीचे लग्नातले छायाचित्र दुकानाच्या दर्शनी कपाटात अकरा वर्षे लावून ठेवले होते. मधल्या काळात तिचा घटस्फोट झाला. बाजारात जाताना ती रस्ता बदलत असे. वडील दोनदा विनंती करायला गेले, तेव्हा “आमची कला आहे” हेच उत्तर मिळाले. पैसे आम्ही मोजले होते. कलम १७ तेव्हा माहीत असते, तर वडिलांना हात जोडावे लागले नसते.

भिंग

असे आम्हीही लावत असू. लोकांना ते भूषण वाटत असे, निदान आमची तशी समजूत होती. आपल्या बहिणीच्या बाबतीत जे झाले ते वाईट झाले. परंतु एका दुकानदारामुळे सगळ्यांना ‘व्यवसायबंधू’ म्हणून एका माळेत ओवू नका.

मुद्रणदोष

मूळ विषय दिवाळी अंकांचा होता, याची कोणाला आठवण आहे काय?

कडेकपारी

मला आहे, पण माझा मानधनाचा मुद्दा आधीच बुडालेला असल्यामुळे मी गप्प आहे. श्रेयाचा मात्र बुडालेला नाही. छोट्या अंकाला मालक शोधणे परवडत नसेल, हे एक वेळ मान्य करतो. पण माझ्या चित्राच्या पानावरच नाव आणि परवाना लिहिलेला होता. तो उतरवून घ्यायला कागद महागत नाही.

मुद्रणदोष

नाव छापायला हवे होते, हे मान्य. कोपरा मुद्दाम कापला की पानाच्या मापात बसवताना कापला गेला, हे त्या संपादकालाच ठाऊक; माझ्या अंकात दोन्ही प्रकार झालेले आहेत. झाले आपले समाधान?

पाटीपेन्सिल

माझ्या प्रश्नाकडे वळावे ही विनंती. आत्या म्हणते की, १९६१ साली नाटक मंडळीच्या स्मरणिकेसाठी स्टुडिओत जाऊन हे छायाचित्र काढले आणि ते त्याच वर्षीच्या स्मरणिकेत छापले गेले. स्मरणिका आमच्याकडे आहे.

तळटीप

मग हिशेब मांडता येईल. भारतात छायाचित्राचा प्रताधिकार २०१२ पर्यंत प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकत असे; त्या वर्षीच्या दुरुस्तीपासून तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जुन्या नियमाने १ जानेवारी १९६२ पासून मोजले, तर तो ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला असता. आता मात्र खोटा शिक्का मारून आपण जे चढवलेत, ते भारतात मुक्त आहे की नाही, हे छायाचित्रकार कधी वारला यावर ठरेल.

पाटीपेन्सिल

म्हणजे मी बरोबरही असू शकते!

तळटीप

एवढी घाई करू नका. कॉमन्सला मूळ देशाबरोबरच अमेरिकेतही चित्र मुक्त असावे लागते. १ जानेवारी १९९६ रोजी जे परदेशी साहित्य आपापल्या देशात प्रताधिकारात होते, त्याला तिथे पुन्हा संरक्षण मिळाले. १९६१ चे छायाचित्र तेव्हा भारतात प्रताधिकारात होते. त्यामुळे अमेरिकेत ९५ वर्षे, म्हणजे २०५६ अखेरपर्यंत ते अडकले आहे.

पाटीपेन्सिल

नाटक मिरजेत, ऑर्गन आजोबांचा, आणि परवानगी वॉशिंग्टनची. धन्य आहे.

तळटीप

एक वाट उरते, आणि ती योगायोगाने भिंग यांना न रुचलेल्या कलम १७ मधूनच जाते. स्टुडिओचे पैसे आजोबांनी दिले असतील, तर पहिले मालक तेच. अमेरिकेतील हक्कही त्यांच्या वारसांकडे येतो, आणि आपण सर्व वारस मिळून मुक्त परवाना देणारे पत्र कॉमन्सला ईमेलने पाठवू शकता. पैसे नाटक मंडळीने दिले असतील, तर मालक मंडळी.

पाटीपेन्सिल

मंडळी कधीच बंद पडली. पावती कोण ठेवणार? आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती.

भिंग

पावतीची गरज नाही. मूळ प्रत असेल, तर मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आणि त्याखाली शाईने किंवा पेन्सिलने क्रमांक असेल. त्या स्टुडिओवाल्यांच्या घरी वही शिल्लक असली, तर कोणाच्या नावाने पैसे जमा झाले हे दोन मिनिटांत कळेल. आमच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. मालक गिऱ्हाईक की छायाचित्रकार, यावर माझे मत बदललेले नाही. पण क्रमांक तेवढा बघून घ्या.

पाटीपेन्सिल

तसबीर मागून खिळे मारून बंद केलेली आहे. ती उघडायची म्हटल्यावर आत्या आजोबांच्या पुण्यतिथीपर्यंत थांब म्हणते.