साइट आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या होस्टिंग कंपनीने हात वर केले तर?

प्रश्न: २०१० मध्ये गुप्त सरकारी कागदपत्रं उघड करणारी साइट विकीलीक्स ॲमेझॉनच्या सर्व्हरवरून हटली, तेव्हा कोर्टाचा आदेश होता का?

उत्तर १: नव्हता. अमेरिकी सिनेटर जो लीबरमन यांच्या कार्यालयाकडून विचारणा झाली आणि १ डिसेंबरला साइट काढली गेली. ॲमेझॉनने दबाव नाकारून अटीभंगाचं कारण दिलं. आदेशच नाही, मग आव्हान कशाला देणार? हीच खरी चीड आणणारी गोष्ट.

उत्तर २: पाठोपाठ डीएनएस गेलं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता (सर्व्हरचा आकडी पत्ता) शोधून देणारी सेवा. ती पुरवणाऱ्या एव्हरीडीएनएस कंपनीने साइटवरच्या सायबर हल्ल्यांचं कारण देत सेवा थांबवली. साइट दुसऱ्या सर्व्हरवर चालू, पण नाव टाकून उघडेना; आयपी पत्ता टाकला की उघडायची. म्हणून डोमेन (साइटचं नाव), डीएनएस, होस्टिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवा. टीटीएल (पत्ता किती वेळ साठवून ठेवायचा ती मुदत) आधीच ३०० सेकंदांवर आणा, ऐनवेळी बदलून उपयोग नाही. जुना पत्ता कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकतो.

उत्तर ३: बॅकअप होस्टिंगच्या त्याच खात्यात नको. खातं गोठलं की तोही गेला.