हातवारे पाठ केल्यासारखे का दिसतात?

प्रश्न: भाषणात हात हलवले की कृत्रिम वाटतं. नेमकं काय चुकतं?

उत्तर १: वेळ चुकते. हात उचलणं, मुख्य झटका, मग हात खाली, असे टप्पे असतात. झटका जोर दिलेल्या शब्दावर किंवा किंचित आधी पडायला हवा. शब्द संपल्यावर हात हलला की नाटकी दिसलंच समजा.

उत्तर २: चेहराही बघा. ओठ हसले पण डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या नाहीत, तर हसू उसनं वाटतं.

उत्तर ३: हातवारे आरशासमोर घोकू नका, ते आपोआप येतात. जन्मांध माणसंही बोलताना हातवारे करतात, अगदी समोरचा अंध असला तरी! अंगठा वर करून दाखवणं मात्र ठरीव खूण, तिचा अर्थ जागेनुसार बदलतो. कुठे शाबासकी, कुठे शिवी. परक्या श्रोत्यांपुढे ती टाळाच.