‘व्हॉट आर दे लाइक?’ : स्वभाव विचारायचा कसा?

प्रश्न : पुढच्या महिन्यापासून आमच्या टीमचं काम लंडनहून ॲलेक्स बघणार. ईमेलच्या सहीखाली ‘दे/देम’ लिहिलेलं असतं, म्हणजे ॲलेक्सला ‘ही’ किंवा ‘शी’ न म्हणता ‘दे’ म्हणायचं. तिथल्या सहकाऱ्याला विचारलं, “हाउ इज ॲलेक्स?” उत्तर आलं, “बरं आहे आता, सर्दी गेली.” अहो, मला स्वभाव विचारायचा होता! शिवाय ‘दे’ म्हटलं की ‘इज’ की ‘आर’?

उत्तर १ : घोळ आपल्या ‘कसा’चा आहे. ‘साहेब कसे आहेत?’ हे हॉस्पिटलच्या दारात विचारलं तर तब्येत, कँटीनमध्ये विचारलं तर स्वभाव. माणसाच्या बाबतीत इंग्रजी ‘हाउ’ बहुधा हालहवालच विचारतो. स्वभावासाठी ‘व्हॉट आर दे लाइक?’ यातला ‘लाइक’ आवडीचा नाही, ‘सारखा’ या अर्थाचा. मध्ये ‘डू’ घालून ‘व्हॉट डू दे लाइक?’ केलंत तर “कॉफी” असं उत्तर मिळेल. ‘व्हॉट डू दे लुक लाइक?’ला उंची नि केस कळतील. आणि उत्तर देताना ‘लाइक’ गळतो : ‘दे आर स्ट्रिक्ट’, बस्स. ऑफिसात तर ‘व्हॉट आर दे लाइक टु वर्क विथ?’ सर्वांत सोयीचं.

उत्तर २ : व्यक्ती एकच असली तरी ‘दे’पुढे ‘आर’च. नाव घेतलं की मात्र ‘इज’ : ‘ॲलेक्स इज स्ट्रिक्ट, बट दे आर फेअर.’ एकाच वाक्यात दोन्ही. हे खटकत असेल तर ‘यू आर’ आठवा. ‘यू’सुद्धा मूळचा अनेकवचनीच. एकवचनी ‘दे’ही आजचा नाही, ऑक्सफर्ड कोशात त्याचा दाखला 1375चा आहे. नवा आहे तो स्वतःला स्त्री-पुरुष या चौकटीत न बसवणाऱ्या व्यक्तीसाठीचा वापर. 2019 साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशाने ‘दे’लाच वर्षाचा शब्द ठरवलं होतं.

उत्तर ३ : मराठीत अशी सोय आहे का? दार वाजलं, बाहेर बाई की पुरुष माहीत नाही, की आपणही ‘कोण आलंय?’ म्हणतो, नपुंसकलिंगातच. पण साहेबांना ‘ते कसं आहे?’ म्हणून बघा! आदरार्थी बहुवचनही लिंग लपवत नाही : कसे आहेत, कशा आहेत.

प्रश्नकर्ता : विचारलं. उत्तर मिळालं : स्ट्रिक्ट, बट फेअर. टीमला मराठीत सांगताना अडखळलो, मग म्हणालो, “ॲलेक्स कडक आहेत, पण सरळ आहेत.” ‘कडक’ही बदलत नाही, ‘सरळ’ही नाही. ‘चांगले’ की ‘चांगल्या’ म्हणायची वेळ आली असती तर फसलो असतो.