मदत हवी आहे: बंद फाटकाखालून जाणारी शाळेची मुलं कशी थांबवावीत?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातल्या एका गावातून लिहिते आहे. मुलांचा विषय असल्यामुळे गावाचं नाव देत नाही.

हायस्कूल रुळांच्या पलीकडे आणि आमच्या वाड्या अलीकडे, मधे कोकण रेल्वेचं फाटक. गेटमन आहे, फाटक वेळेवर पडतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दांडा खाली आला की मुलं सायकल आडवी करून खालून सरकतात. मोठी माणसं मोटरसायकल कलती करून हेच करतात, त्यांचंच बघून मुलं शिकली. गेटमन ओरडत असतो, "जरा रवा, गाडी येता हा!" कोण ऐकतो? गाड्या विजेवर धावण्याआधी डिझेल इंजिनाची धडधड लांबून कानावर यायची. आता गाडी वळणावर दिसते तेव्हाच कळतं, त्यात पाऊस कौलांवर वाजत असेल तर तेवढंही नाही.

मी पालक-शिक्षक संघात आहे. मुलांसमोर बोलायचं आहे, पण "धोका आहे, जाऊ नका" हे ती रोज ऐकतात. त्यांचा प्रश्न सरळ असतो: गाडी दिसतसुद्धा नाही, मग फाटक इतका वेळ बंद का? याचं खरं उत्तर मला हवं आहे. शिवाय या बाबतीत कायदा काय सांगतो? आणि गावात भुयारी मार्ग मागायचं चाललं आहे, त्यावर दोन तट पडलेत. आमच्याकडच्या पावसात तो टिकेल का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

रुळावरचा

ताई, सिग्नल खात्यात नोकरी झाली माझी, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा लांबण लावतो.

इंटरलॉक केलेल्या फाटकावर सिग्नल आणि फाटक एकमेकांशी कुलपाने बांधलेले असतात. फाटक पूर्ण पडून कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. एकदा सिग्नल दिला की गाडी पार होईपर्यंत गेटमनला मनात आणून फाटक उघडता येत नाही. म्हणून गाडी दिसत नसतानाही ते बंद असतं. ती तेव्हा काही किलोमीटर मागे असते, पण रस्ता तिच्या नावावर झालेला असतो. हा वेळ का ठेवावा लागतो, तर ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी आणीबाणीचा ब्रेक लावला तरी थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर खाते. लोको पायलटला सायकल दिसली तरी तो फक्त शिटी मारू शकतो.

जिथे हे कुलूप नसतं तिथे सगळी भिस्त फोनवर आणि माणसाच्या लक्षावर. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला रेल्वेने धडक दिली, तीन विद्यार्थी गेले. ते फाटक इंटरलॉक केलेलं नव्हतं. तुमचं फाटक कोणत्या प्रकारचं आहे ते स्टेशन मास्तरांना आधी विचारा.

मुलांना आणखी एक गोष्ट मात्र नक्की सांगा. आपल्याकडे मार्ग एकेरी, म्हणजे दोन्ही दिशांच्या गाड्यांना एकच रूळ. स्टेशनजवळ एक गाडी बाजूच्या लाईनीवर उभी करतात आणि समोरची सोडतात. फाटक स्टेशनच्या हद्दीत असेल तर पहिली गाडी गेली तरी ते उघडत नाही, कारण दुसरी यायची असते. माणसं नेमकी तेव्हाच घुसतात: "गेली गाडी, चला." उभ्या गाडीच्या आडून येणारी दुसरी गाडी दिसत नाही, आणि तिचा आवाज पहिलीच्याच आवाजात मिसळतो. माझ्या नोकरीत मला सर्वात जास्त भीती याच दोन मिनिटांची वाटायची.

सड्यावरची

काका, मनापासून आभार. फाटक स्टेशनपासून जवळच आहे, म्हणजे दोन गाड्यांचा प्रकार आमच्याकडे लागू पडतो. मोठी मुलं म्हणतात, "या वेळेला गाडी नसते, आम्हाला माहीत आहे." त्यांना काय सांगू?

रुळावरचा

त्यांना सांगा की पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. शाळा सुरू होते त्याच सुमाराला गाड्यांच्या वेळा बदलतात. अतिवृष्टीत वेग ताशी ४० पर्यंत खाली आणतात, म्हणजे गाड्या मागेपुढे होणारच. मालगाड्यांना तर लोकांना कळेल असं वेळापत्रकच नसतं, आणि गणपतीत जादा गाड्या. 'माहीत असलेली वेळ' धरून रुळावर जाणं त्यामुळेच घातक.

पाणंद

कायद्याचं मी सांगतो. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६० प्रमाणे वाहतुकीला बंद केलेलं फाटक उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, मोडलं तर पाच वर्षांपर्यंत. अनधिकृतपणे रेल्वेच्या हद्दीत शिरणं कलम १४७ खाली येतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ताई, हे मुलांना दाखवून घाबरवू नका. हे वाडीच्या बैठकीत मोटरसायकलवाल्या बापांसमोर वाचा. बाप थांबला की पोरगा थांबेल.

सायकलच्या मुलांना एक अगदी साधी गोष्ट शिकवा. फाटक उघडं असतानाही रूळ काटकोनात ओलांडायचे. रस्ता तिरका असेल तर पावसात ओला रूळ निसरडा होतो आणि चाक रुळालगतच्या फटीत अडकतं. उतरून, सायकल हातात धरून गेलेलं उत्तम. एखादं वाहन रुळातच बंद पडलं तर आधी माणसं बाहेर काढून लांब न्यायची, लगेच गेटमनला सांगायचं, गाडी ढकलायचं नंतर. गेटमनकडे फोन आणि लाल झेंडी असते. मदतीसाठी १३९ हा नंबर आहे, पण तिथे गेटमन असताना पहिली धाव त्याच्याकडेच.

व्हाळाकाठ

भुयारी मार्गाबद्दल लिहितो, कारण आमच्या रायगडकडच्या गावात तो झाला आहे. पहिल्या पावसात गुडघ्याच्या वर पाणी. पंप बसवले, पण वादळात वीज गेली की पंप बंद, आणि नेमकं तेव्हाच पाणी भरतं. पुलाखालची उंची कमी म्हणून एसटीही जात नाही, वळसा घालून येते. फाटक तर गेलं होतं, मग माणसं रुळावरूनच चालायला लागली, तीही गेटमन नसलेल्या जागी. आधीपेक्षा वाईट झालं.

म्हणून मागू नका असं नाही. जागा बघून मागा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कुठे कुठे त्याहून जास्त पाऊस पडतो, त्यात जांभ्यातून पाझर येत राहतो. भुयाराच्या तळापेक्षा जवळचा व्हाळ, म्हणजे ओढा, खाली असेल आणि पाणी आपोआप उतारानं त्यात जाणार असेल तर खुशाल मागा. नसेल तर पंपाच्या भरवशावर मुलांना सोडू नका. दोन्ही तोंडांशी रस्त्याला उंचवटा, म्हणजे वरचं पाणी आत येत नाही, आणि उतारावर छप्पर, ही मागणी अर्जातच घाला. मुलं पायी आणि सायकलनं जाणारी असतील तर पादचारी पूलही विचारात घ्या, मात्र सायकल नेता येईल असा उतार हवा. नुसत्या जिन्यावरून कोणी सायकल नेत नाही, ती परत फाटकाखालूनच जाणार.

रुळावरचा

व्हाळाकाठ यांनी लाखमोलाचं सांगितलं. एक भर घालतो. उड्डाणपूल वा भुयारी मार्गाचा निर्णय होताना त्या फाटकाचं 'टीव्हीयू' बघतात, म्हणजे दिवसभरातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. मोटार, ट्रक एक एकक, रिक्षा अर्धं, दुचाकी पाव. पायी चालणारा माणूस या हिशेबात येतच नाही. म्हणून शाळेच्या वाटेवरचं फाटक कागदावर रिकामं दिसतं. तुम्ही शाळेच्या वेळेत मुलांची मोजणी करून तो तक्ता अर्जाला जोडा. माहिती अधिकारात दहा रुपयांत तुमच्या फाटकाचा शेवटचा टीव्हीयू मागवता येईल. अर्ज रत्नागिरीच्या क्षेत्रीय रेल्वे व्यवस्थापकांकडे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि खासदारांना.

माडबन

शिमगा आणि विसर्जन विसरू नका. रुळांच्या वरून आता २५,००० व्होल्टची तार आहे, स्पर्श व्हायचीही गरज नाही, दोन मीटरच्या आत काही गेलं तरी झटका बसू शकतो. होळीचा माड, पालखीबरोबरच्या काठ्या, उंच मूर्तीचा टेम्पो, पेंढ्याची गाडी, सगळं याच फाटकातून जातं. ढोल-ताशाच्या आवाजात शिटी ऐकू येत नाही. आमची देवस्थान समिती आधी स्टेशन मास्तरांना वेळ कळवते, फाटकाच्या अलीकडे वाजप बंद करते, काठ्या आडव्या करते आणि गेटमननं सांगितल्यावरच पालखी पलीकडे नेते. मानकऱ्यांना एकदा पटलं की गावाला पटतं.

सड्यावरची

सगळ्यांचे खूप खूप आभार. भुयारी मार्गाचं मी रविवारी जागेवर जाऊन बघते, व्हाळ खाली आहे असं वाटतं, पण पावसात तोच भरून वर येतो, म्हणजे आधी पुराची खूण कुठपर्यंत लागते ते जुन्या माणसांना विचारायला हवं. तोपर्यंत शाळा भरताना आणि सुटताना वाडीतले दोन पालक आळीपाळीनं फाटकाशी उभे राहतील असं ठरवतो आहोत. बिनागेटमनची फाटकं होती तेव्हा तिथे लोकांना सावध करणारे 'गेटमित्र' असत, त्याच धर्तीवर. मुख्याध्यापक मुलांना फाटकाच्या वेळी पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर हजेरीत धरायला तयार आहेत. उशिराची शिक्षा हेच मुलांच्या घाईचं मोठं कारण आहे, असं मुलांनीच सांगितलं.

आता एक शेवटची विनंती. ग्रामसभेचा असा ठराव कुणी केला असेल, पायी जाणाऱ्या मुलांची मोजणी जोडून, तर त्याचा मजकूर कृपया इथे टाका. आमची ग्रामसभा लवकरच आहे, आणि ठरावात मुलांचा आकडा कोणत्या शब्दांत मांडला की वरची मंडळी तो बाजूला सारत नाहीत, हे मला समजून घ्यायचं आहे.

पाणंद

आमच्या ग्रामपंचायतीचा आहे. उद्या ग्रामसेवकांकडून प्रत घेऊन टाकतो. एवढं आत्ताच सांगतो: मोजणीच्या तक्त्यावर मुख्याध्यापकांची आणि सरपंचांची दोघांची सही-शिक्का घ्या, आणि मोजणी पावसाळ्यातल्या शाळेच्या दिवशीचीच द्या.