निरोपाचा दौरा : कलाकाराचा हक्क की तिकिटं खपवायची युक्ती? (टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

रात्रपाळी
कुठल्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय दीड दशक स्वतःची गाणी लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या एका इंडी गायिकेने निरोपाचा दौरा जाहीर केला आहे. त्यातला एक कार्यक्रम आपल्या जवळच्या छोट्या हॉलमध्ये आहे. तिकिटं संपली आणि लगेच टीका सुरू झाली : ‘ही सगळी जाहिरातबाजी, दोन वर्षांत परत येईल बघा.’ मला हे अन्यायाचं वाटतं.

असे दौरे बदनाम केले ते मोठ्यांनी. मॉटली क्रू या अमेरिकन रॉक बँडने जानेवारी २०१४ मध्ये पत्रकारांसमोर करारावर सह्या केल्या, की निरोपाच्या दौऱ्यानंतर पुन्हा दौरा करणार नाही. ३१ डिसेंबर २०१५ ला ‘शेवटचा’ कार्यक्रम झाला आणि २०२२ मध्ये हीच मंडळी स्टेडियमं भरवत होती. त्यांचा राग हिच्यावर कशाला? छोट्या कलाकाराला दौरा परवडेनासा झालाय हे उघड आहे. २०२२ मध्ये ब्रिटिश रॅपर लिटिल सिम्झने अमेरिकेचा दौरा रद्द केला, कारण स्वतंत्र कलाकार म्हणून सगळा खर्च तिच्याच अंगावर होता. त्याच वर्षी ॲनिमल कलेक्टिव्ह या अमेरिकन बँडने युरोपचा दौरा सोडला. सगळं मनासारखं झालं तरी तोटाच होणार, असं त्यांचं गणित होतं. ही तर नावाजलेली माणसं. स्ट्रीमिंगचा आधार म्हणावा, तर वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही त्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४ पासून पैसेच देत नाही.

दीड दशक गाऊन थांबणाऱ्या बाईला लोकांसमोर उभं राहून ‘येते’ म्हणायचा हक्क आहे. त्यावर संशय घेणं मला पटत नाही.

मागची रांग
असहमत. ‘मोठ्यांनी बदनाम केले’ हे अर्धंच खरं. एलसीडी साउंडसिस्टम इंडीच म्हणवला जाणारा बँड ना? २ एप्रिल २०११ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भल्यामोठ्या सभागृहात त्यांनी निरोप घेतला. लोक लांबून प्रवास करून गेले, काळ्या बाजारात तिकिटं घेतली. २०१६ मध्ये बँड परत हजर. त्या रात्री आलेल्या काही चाहत्यांना आता फसल्यासारखं वाटतंय, याची दखल स्वतः बँडचा प्रमुख जेम्स मर्फीला जाहीरपणे घ्यावी लागली.

माझा आक्षेप थांबण्यावर नाही. ‘शेवटचा’ म्हणून तिकीट विकलंत, की तो दिलेला शब्द झाला. आर.ई.एम. या अमेरिकन बँडने २०११ मध्ये एक निवेदन काढलं आणि बँड बंद केला, निरोपाचा दौरा केलाच नाही. तेही जमतं की.

अनुनाद
मागची रांग, निर्णय घेतला त्या दिवशी माणूस खरंच बोलत असतो, हे तुम्ही विसरताय. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने ३ जुलै १९७३ ला लंडनमध्ये मंचावरूनच सांगितलं, की हा आपला शेवटचा कार्यक्रम. साथीदारांपैकी काहींनाही ते तिथेच कळलं. पुढच्या वर्षी तो दौऱ्यावर होता. त्या रात्री संपलं होतं ते त्याने मंचावर घेतलेलं एक रूप, झिगी स्टारडस्ट नावाचं पात्र, आणि ते खरंच संपलं. या बाईंना दहा वर्षांनी पुन्हा गावंसं वाटलं, तर आज छापलेल्या पोस्टरसाठी तुम्ही त्यांना गप्प बसवणार का?

मागची रांग
गप्प कोण बसवतंय? जरूर गावं. पण आज ‘सध्या थांबतेय, पुढचं माहीत नाही’ एवढं लिहायला काय हरकत? हरकत एवढीच, की त्याने हॉल भरत नाही. माझा मुद्दा नेमका तोच आहे.

कन्सोल
मी छोट्या हॉलमध्ये साउंड बघतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

हॉल भरला म्हणजे कलाकाराचा खिसा भरला असं नसतं. तिकिटाच्या पैशातून आधी हॉलचं भाडं, साउंड, लाइट, दारावरची माणसं आणि जाहिरात जाते. मग आयोजक. करार ठरावीक रकमेचा असेल तर हॉल ओसंडून वाहिला तरी कलाकाराला तेवढेच मिळतात. टक्केवारीचा असेल तर खर्च वजा झाल्यावर उरेल त्यातला वाटा. त्यातून बँडचं मानधन, गाडी, मुक्काम. बऱ्याचदा घरी नेण्यासारखी कमाई होते ती टीशर्ट आणि रेकॉर्डच्या टेबलावर, आणि काही हॉल त्यातूनही टक्केवारी कापतात. तेव्हा निरोपाच्या दौऱ्यात कुणी गबर होतंय असं समजू नका. मागच्या अल्बमचं देणं फिटलं तरी खूप.

पण मला डाचतं ते वेगळंच. याच गायिकेच्या मागच्या कार्यक्रमाला अर्धा हॉल रिकामा होता आणि साउंड मीच करत होतो. ती तेव्हाही अशीच गायली, कदाचित जास्त मोकळी. ब्रिटनमध्ये छोट्या मंचांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात असे १२५ छोटे मंच हातचे गेले. नवीन माणूस पहिल्यांदा चुकतमाकत गातो ते अशाच ठिकाणी. निरोपाला गर्दी करणाऱ्यांनी एरवी दोन महिन्यांतून एकदा जरी कुणाचं तिकीट काढलं असतं, तर निम्मे निरोप टळले असते.

स्पष्टच बोलते
कन्सोल, पैशांबद्दलचं सगळं मान्य, शेवटचं वाक्य अजिबात नाही. ऐकणाऱ्याच्या माथी हे पाप मारू नका. कार्यक्रम रात्री उशिरा सुरू होतात, मुख्य कलाकार यायला आणखी दोन तास, बसायला खुर्च्या नाहीत. लहान मूल किंवा सकाळची ड्यूटी असलेल्यांनी कसं यायचं? मी तिची गाणी वर्षानुवर्षं ऐकली, अल्बम पैसे देऊन घेतले. हॉलमध्ये दिसले नाही म्हणून माझं प्रेम कमी ठरत नाही. शेवटची संधी आहे कळल्यावर मी सुट्टी टाकली, मुलाची सोय लावली. तारीख आधी सांगून निरोप घेण्याचा उपयोग आमच्यासारख्यांनाच होतो.

रात्रपाळी
हेच म्हणायचं होतं मला. कॅनडातल्या द ट्रॅजिकली हिप या बँडचा गायक गॉर्ड डाउनी याला मेंदूचा असाध्य कर्करोग असल्याचं जाहीर झाल्यावर त्या बँडने दौरा केला. २० ऑगस्ट २०१६ चा शेवटचा कार्यक्रम त्यांच्याच गावी, किंग्स्टनला झाला आणि देशभर दाखवला गेला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला. लोकांना त्याला डोळे भरून बघता आलं ते वेळेत कळलं म्हणून. मागची रांग, आर.ई.एम.चं निवेदन स्वच्छ होतं हे खरं, पण चाहत्यांच्या हाती काही उरलं नाही. मला तो मार्ग जास्त कठोर वाटतो.

मागची रांग
आजारपण आणि कंटाळा एका मापाने मोजू नका. डाउनीच्या बाबतीत शब्द फिरवायला वावच नव्हता. माझा आक्षेप कायम आहे, पण ‘स्पष्टच बोलते’ यांनी सुट्टी टाकली, मुलाची सोय लावली, ते वाचून एक मागणी करावीशी वाटते. एलसीडीच्या त्या निरोपाआधी दलालांनी तिकिटं उचलली, तेव्हा बँडने आणखी चार कार्यक्रम वाढवले. इथेही काळा बाजार दिसला, तर दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम लावा, किंवा ज्यांना येता येत नाही त्यांची तिकिटं हॉलनेच मूळ किमतीत परत घेऊन पुढे द्यावीत. कन्सोल, तुमच्या हॉलवाल्यांना हे जमेल का?

कन्सोल
परतीचं जमेल, विचारून बघतो. दुसरा दिवस आयोजकाच्या हातात. आणि ‘स्पष्टच बोलते’, वेळेचा तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, तो मी आधीच मांडायला हवा होता, आता हॉलमध्ये सांगतो. फक्त एक विनंती : या गायिकेच्या आधी गाणारी मुलगी नवीन आहे. साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला, ऐकून मग सांगेनच, पण दार उघडल्या उघडल्या या.