कारखाना पूर्णपणे वाऱ्याच्या विजेवर चालेल का?

भट्टीवाला:
आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, विजेवर चालणाऱ्या दोन इंडक्शन भट्ट्या आहेत. तिन्ही पाळ्या चालतात. सरासरी लोड (विजेची मागणी) 2.8 मेगावॅट, दोन्ही भट्ट्या एकदम मेल्टिंगला लागल्या की 4 च्या पुढे. पवनऊर्जावाल्यांचा माणूस सांगून गेला, "5 मेगावॅटच्या चक्कीचा करार करा, गरजेपेक्षा जास्तच मिळेल." मालकांना पटलंय. मेंटेनन्स माझ्याकडे, म्हणजे भट्टी थंड पडली की शिव्या मलाच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मीटरवाला:
5 मेगावॅट हा चक्कीचा कमाल आकडा, साधारण सेकंदाला 12 मीटर वारा असतानाचा. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ऊर्जा उरते एक-अष्टमांश! 3-4 मीटरच्या खाली वीजच नाही, आणि 25 च्या आसपास चक्की स्वतःला वाचवायला बंद होते. म्हणून जमिनीवरच्या चांगल्या जागेलाही वर्षाची सरासरी कमाल आकड्याच्या 35 टक्के धरा. झाली 1 कोटी 53 लाख युनिट. तुम्हाला लागतात 2 कोटी 45 लाख. म्हणजे गरजेच्या 62 टक्के.

ही झाली नुसती वार्षिक बेरीज. जोराच्या वाऱ्यात चक्की 5 देणार, तुम्ही घेणार 3. उरलेली त्या तासाला तुमच्या कामाची नाही. तासागणिक जुळवलं तर 62 टक्केही हाती लागणार नाहीत.

नॉर्वेचं हायविंड टॅम्पेन बघा. 11 तरंगत्या चक्क्या, 88 मेगावॅट, तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मसाठीच उभारलेल्या. उत्तर समुद्रातला वारा, तरी हिशोब धरला गरजेच्या साधारण 35 टक्क्यांचा. बाकीचं गॅस टर्बाइनवर.

पॉटरूम:
गणित बरोबर, पण तुम्ही लोड जागचा हलत नाही असं धरलंत. मी ॲल्युमिनियम स्मेल्टरमध्ये, म्हणजे विजेने ॲल्युमिनियम काढायच्या कारखान्यात, होतो. तिथे काही तास वीज गेली की पॉटमधला (धातू तयार होतो त्या टाकीतला) धातू गोठायला लागतो, इतकं नाजूक काम. तरी जर्मनीत एसेनला ट्रिमेट या ॲल्युमिनियम कंपनीने पॉटच्या भिंतींना हीट एक्स्चेंजर (उष्णता कमी-जास्त काढून घेणारी यंत्रणा) बसवून लोड 25 टक्के वर-खाली करायची सोय केली. भट्टीवाले, तुमचं त्याहून सोपं आहे. मेल्टिंग तासभर पुढे ढकला. होल्डिंगला, म्हणजे वितळलेला धातू नुसता गरम ठेवायला, वीज लागते कितीशी?

भट्टीवाला:
बोलायला सोपं आहे हो. मोल्डिंग लाइन थांबत नाही, साचे धातूची वाट बघत बसले तर पुढची सगळी पाळी कोलमडते. फार तर रात्रीचं थोडं मेल्टिंग सरकवता येईल.

मीटरवाला:
तेवढंही चांगलंच. आता करार. वारा पडलेल्या तासाची तूट कोणाच्या माथी, हे कलम आधी वाचा. चक्कीतून येईल तेवढी घ्यायची, की दर तासाला ठरलेली वीज त्यांनी द्यायची? दुसरा प्रकार ऐकायला गोड. स्वीडनमधल्या मार्कबिग्डेन एट या प्रकल्पाने हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीच्या ऊर्जा शाखेला 19 वर्षं ठरलेली वीज द्यायचं कबूल केलं होतं. वारा कमी पडला की बाजारातून महाग वीज घेऊन द्यावी लागायची. 2023 मध्ये प्रकल्प ज्यांचं देणं होतं त्यांच्यापासून संरक्षण मागायला कोर्टात गेला. विकणाराच बसला तर कलम कितीही भक्कम असू दे.

त्या माणसाकडून त्याच जागेचे वर्षाचे ताशी आकडे मागा, सगळे 8,760. महिन्याची सरासरी देऊन वाटेला लावेल, ती घेऊ नका. शेजारच्या रकान्यात तुमच्या मीटरचे ताशी आकडे टाका आणि मालकांना तो तक्ता दाखवा. आणि ग्रिडचं कनेक्शन आहे तेवढंच राहू द्या, कमी करायच्या भानगडीत पडू नका.